बोटीतून उतरणाऱ्याची गोष्ट कोण सांगतं?

कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नागरिकत्व कोणाला द्यायचं, बाहेरून आलेल्याला राहू द्यायचं की नाही, हे संसद आणि न्यायालयं ठरवतात. मग कादंबऱ्यांमुळे नागरिकत्वाच्या आणि स्थलांतराच्या कल्पना घडतात असं जे म्हटलं जातं, त्याला काही आधार आहे का? ‘साहित्य समाजमन घडवतं’ एवढ्यावर बोळवण करू नका, असंही तिने बजावलं आहे.

बजावलं ते बरं केलं, कारण त्या वाक्यामागे आम्ही साहित्याचे शिक्षक फार दिवस लपत आलो आहोत. मी स्थलांतराच्या कादंबऱ्या बरीच वर्षं शिकवतो आहे. माझं उत्तर असं: आधार आहे, पण तो कायदा बदलण्यात शोधू नका. कादंबरीने कायदा बदलल्याची उदाहरणं मोजकी आहेत, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तर भलतीकडेच गेलेलं आहे. कादंबरीचं काम त्याच्या आधी सुरू होतं. ‘परदेशातून आलेला इसम’ हे शब्द वाचताना डोळ्यांपुढे कोण उभं राहतं? नावगाव असलेला एखादा माणूस, की नुसती गर्दी? हे चित्र कादंबरी पुरवते. ते कसं उमटेल हे लेखकाच्या चांगुलपणावर फारसं अवलंबून नसतं. गोष्ट कोणाच्या तोंडून येते, कोणाच्या बोलीत येते आणि वाचकाला कुठे बसवून ऐकवली जाते, यावर ते ठरतं.

हे ब्रिटनच्या उदाहरणावरून सगळ्यात स्वच्छ दिसतं, म्हणून तिथे जरा थांबतो.

१९४८च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने ‘युनायटेड किंगडम आणि वसाहतींचा नागरिक’ असा एकच दर्जा निर्माण केला. लंडनमध्ये जन्मलेला आणि जमैकात जन्मलेला, दोघेही कागदावर सारखे. त्याच वर्षी जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ ही बोट टिलबरी बंदराला लागली आणि कॅरिबियन बेटांवरचे काहीशे लोक उतरले. त्यातले बरेच जण महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने लढून आलेले होते. भारत तोवर स्वतंत्र झाला होता, तरी राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून भारतीयांनाही १९६२पर्यंत ब्रिटनमध्ये जाऊन राहण्याचा, काम करण्याचा हक्क होता. रत्नागिरीच्या माणसाला हातात भारतीय पासपोर्ट असेल तर इंग्लंडचं दार कायद्याने उघडं होतं. (तो पासपोर्ट मिळवणं हे मात्र वेगळं दिव्य होतं.)

कायदा असा उदार होता. मग उतरलेल्या माणसाच्या वाट्याला काय आलं? ते कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते सॅम सेल्व्हन यांच्या १९५६ सालच्या ‘द लोन्ली लंडनर्स’मध्ये सापडतं. सेल्व्हन मूळचे त्रिनिदादचे, १९५० मध्ये लंडनला आलेले. कादंबरी सुरू होते ती धुक्याने भरलेल्या हिवाळी संध्याकाळी. मोझेस नावाचा जुना स्थलांतरित, एका नवख्याला उतरवून घ्यायला वॉटर्लू स्टेशनवर निघाला आहे. नवखा येतो तो उन्हाळी सुटात, जवळजवळ सामानाशिवाय, आणि थंडी वाजत नाही म्हणून सांगतो. स्टेशनवर वर्तमानपत्राचा बातमीदार हजर असतोच. एका घरातली आजीपासून पोरांपर्यंत सगळी माणसं एकदम उतरलेली पाहून तो त्यांचा फोटो काढतो, आणि दुसऱ्या दिवशी तो छापून येतो: आता जमैकन कुटुंबंही यायला लागली!

हा प्रसंग मी वर्गात नेहमी दोनदा वाचायला लावतो. तेच स्टेशन, तीच माणसं. बातमीदाराच्या कॅमेऱ्यात ती ‘येणारी कुटुंबं’ होतात. कादंबरीत त्या घरातली मावशी टॅन्टी ही टॅन्टी असते, टोलरॉय हा तिच्यावर चिडलेला भाचा असतो. एकाच क्षणाची दोन कथनं सेल्व्हन शेजारीशेजारी ठेवतात आणि वाचकाला बातमीदाराच्या मागे उभं न करता मोझेसच्या खांद्याशी उभं करतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पात्रांच्या संवादांपुरती बोली ठेवून निवेदन ‘शुद्ध’ इंग्रजीत, अशी सोय त्यांनी केलेली नाही. निवेदकही कॅरिबियन वळणाच्याच इंग्रजीत बोलतो. आधी त्यांनी प्रमाण इंग्रजीत लिहून पाहिलं होतं, ते पुढे सरकेना. बोलीत आल्यावर कादंबरी धावत सुटली. याचा परिणाम विलक्षण आहे. अख्खं लंडन, त्याचं धुकं, त्याचे रस्ते, त्याचा उन्हाळा, या लोकांच्या तोंडून सांगितलं जातं. शहराचं वर्णन करण्याचा अधिकार आलेल्या माणसाकडे येतो. ज्याला शहराचं वर्णन करता येतं त्याला पाहुणा म्हणणं जड जातं.

आता तुमच्या, म्हणजे कायद्याच्या बाजूने महत्त्वाचा प्रसंग. मोझेस नवख्याला, गॅलाहॅडला, सरकारी रोजगार कार्यालयात घेऊन जातो आणि तिथली मेख समजावतो. काळ्या माणसाच्या नोंदपत्रावर खुणेची अक्षरं असतात: जमैकाचा, काळा. गॅलाहॅड त्रिनिदादचा आहे, पण ऑफिसच्या लेखी सगळे जमैकाचेच. जागा रिकामी झाली की आधी मालकाला विचारायचं, काळा माणूस चालेल का, आणि मगच पाठवायचं. कायद्याने नागरिक, नोंदपत्रावर खूण. १९४८चा कायदा कुठेही न मोडता त्याची धार कशी बोथट केली जाते, हे त्या दोन पानांत कळतं. दुसऱ्या एका ठिकाणी मोझेस एका उपाहारगृहाच्या पोलिश मालकाविषयी बोलतो. तो मालक यांना जेवण वाढत नाही. मोझेसचं म्हणणं असं, की खरं पाहता परका तो, आम्ही ब्रिटिश प्रजाजन. युरोपातून आलेल्या कोणापेक्षाही आमचा हक्क इथे जास्त. हा नागरिकत्वाचा युक्तिवाद आहे आणि कायद्याने बिनचूक आहे. तरीही उपाशी परततो तो मोझेसच. कायद्याची बाजू पूर्ण त्याच्याकडे असताना तो हरतो हे वाचकाला दिसतं, आणि मग हक्क नेमका कशाने मिळतो हा प्रश्न वाचकाच्या मागे लागतो.

टॅन्टीचा प्रसंगही सोडू नका. गल्लीतल्या दुकानदाराला ती उधारीवर माल द्यायला लावते. आमच्याकडे अशीच रीत आहे, शुक्रवारी पैसे देऊ, असं सांगून सामान उचलून चालू लागते, आणि हळूहळू त्या दुकानात उधारीची पद्धत पडते. कोणता अर्ज नाही, शपथ नाही. वस्तीचे व्यवहार ती बदलते. नागरिक असण्याचा हा भाग कोणत्याही कलमात बसत नाही, आणि माझ्या मते या कादंबरीचं सगळ्यात मोलाचं देणं तेच आहे.

यावर तुम्ही रास्त शंका काढाल: मग झालं काय? कायदा तर उलट्या दिशेने गेला. खरं आहे. १९६२ मध्ये राष्ट्रकुलातल्या लोकांच्या प्रवेशावर बंधनं आली, १९६८ मध्ये केनियातल्या आशियाई लोकांना रोखण्यासाठी आणखी घट्ट, आणि १९७१च्या कायद्याने ब्रिटनशी जन्माचं किंवा आईवडील-आजीआजोबांचं नातं असलेल्यांना वेगळं काढलं. हा कायदा १ जानेवारी १९७३ पासून लागू झाला. आधीपासून राहणाऱ्यांचा राहण्याचा हक्क टिकला, पण तसा कागद बहुतेकांच्या हाती दिला गेला नाही. सेल्व्हन यांच्या कादंबरीने यातलं काहीही अडवलं नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१२ पासून ब्रिटिश सरकारने बेकायदा राहणाऱ्यांची कोंडी करण्याचं धोरण राबवलं. घरमालक, बँका, मालक, दवाखाने, सगळ्यांनी कागद तपासायचे. पन्नास-पन्नास वर्षं तिथे राहिलेल्या, कर भरलेल्या, लहानपणी आईवडिलांबरोबर आलेल्या माणसांकडे पुरावा मागितला गेला. ते कधी उतरले याची नोंद असलेली जुनी कार्डं गृहखात्याने २०१० मध्येच नष्ट केली होती. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार थांबले, काहींना ताब्यात घेतलं गेलं, काहींना देशाबाहेर काढलं गेलं. २०१८ मध्ये हे प्रकरण उघड झालं आणि गृहमंत्री अंबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. एके काळी सरकारी कार्डावर रंगाची खूण जपून केली जात होती; पुढे त्याच माणसांच्या आगमनाची कार्डं रद्दीत गेली. सेल्व्हन वाचलेल्याला हे दोन कागद आपोआप एकमेकांशेजारी दिसतात.

त्या वेळी ब्रिटनमधल्या सामान्य लोकांना ही माणसं ‘घुसखोर’ वाटली नाहीत, ‘आपली’ वाटली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्थलांतराविरुद्ध वातावरण तापलेलं असतानाच्या वर्षांत हे घडलं. ‘विंडरश पिढी’, म्हणजे त्या बोटीपासून पुढच्या काळात आलेले कॅरिबियन लोक, म्हटल्यावर लोकांच्या मनात एक चित्र तयार होतं. ते माहितीपटांनी, बोट आल्याच्या १९९८मधल्या पन्नासाव्या वर्धापनदिनाने, कॅरिबियन समाजाच्या स्वतःच्या चळवळीने आणि पत्रकारांच्या चिकाटीने तयार केलं होतं. श्रेय एकट्या कादंबरीला देणं अन्यायाचं होईल. पण अँड्रिया लेव्ही यांच्या २००४च्या ‘स्मॉल आयलंड’चा वाटा त्यात नक्की आहे. लेव्ही यांचे वडील त्या विंडरश बोटीनेच आले होते. कादंबरीला ऑरेंज आणि व्हिटब्रेड हे पुरस्कार मिळाले, बीबीसीने मालिका केली, पुढे नॅशनल थिएटरमध्ये नाटक झालं.

तिथेही मला रचनाच निर्णायक वाटते. चार निवेदक आहेत: जमैकाचे हॉर्टेन्स आणि गिल्बर्ट, इंग्लंडचे क्वीनी आणि बर्नार्ड. गिल्बर्ट महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होता. त्याला इंग्लंडची पार्लमेंट, कालवे, बंदरं, उद्योग सगळं पाठ आहे, शाळेत घोकून घेतलेलं. इंग्रज शिपायाला जमैका कुठे आहे विचारलं तर तो म्हणतो, आफ्रिकेत ना? इंग्लंड मला कसं ओळखत नाही, हा गिल्बर्टचा प्रश्न आहे. इतिहास-भूगोलाची परीक्षा नवख्याकडून घेण्याची आज अनेक देशांत जी रीत आहे, ती या प्रसंगाने उलटी फिरते. आणि बर्नार्ड, जो यांना घरातून घालवू पाहतो, त्यालाही लेव्ही स्वतःच्या तोंडाने बोलू देतात. त्यामुळे इंग्रज वाचकाला आपल्या भीतीची जागाही कादंबरीत मिळते आणि तिच्या शेजारी गिल्बर्टचा आवाजही ऐकावा लागतो.

आता ते भलतीकडे गेलेलं उदाहरण. अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’, १९०६. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणारं लिथुआनियन कुटुंब. नागरिकत्वाविषयीचा इतका बोचरा प्रसंग मी दुसरीकडे वाचलेला नाही: त्या कुटुंबातल्या युर्गिसला कारखान्याचा रखवालदार विचारतो, नागरिक व्हायचंय का? त्याला पगारी सुट्टी मिळते, बाकीच्या लिथुआनियन, पोलिश, स्लोव्हाक मजुरांबरोबर घोड्यांच्या ऐटबाज गाडीतून नेतात, न समजलेली शपथ घ्यायला लावतात आणि लाल मोहोर लावलेला नक्षीदार कागद हातात देतात. आता तू राष्ट्राध्यक्षाच्या बरोबरीचा, असं सांगतात. मग निवडणुकीच्या दिवशी दोन डॉलर देऊन त्याचं मत घेतात. खुशीत घरी आला तर कळतं, घरातल्याच योनासने तीनदा मत देऊन चार डॉलर मिळवले आहेत. त्याच कुटुंबाने वाचता न येणाऱ्या इंग्रजी करारावर सही करून घर घेतलेलं असतं, आणि त्यातलं व्याज नंतर उघड होतं. नागरिकत्वाचा कागद आणि फसवणुकीचा कागद, दोन्ही न वाचता आलेले.

वाचकांनी यातलं काय उचललं? मांसाची घाण. प्रचंड गदारोळ झाला, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चौकशी लावली आणि ३० जून १९०६ रोजी मांस तपासणीचा आणि खाद्य-औषध शुद्धतेचा असे दोन कायदे झाले. मी लोकांच्या काळजावर नेम धरला होता, चुकून पोटावर लागला, या आशयाचं सिंक्लेअर यांचं वाक्य प्रसिद्धच आहे. मजुरांच्या वाट्याला काही आलं नाही. १९२४च्या कायद्याने तर पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांना कोटा लावून जवळजवळ दारच बंद केलं. पुष्कळ जण याचं खापर वाचकांच्या स्वार्थावर फोडतात. मला कारण कादंबरीतच दिसतं. निवेदक कुटुंबावर करुणा करणारा, पण बाहेरचा आहे. युर्गिसचं बोलणं फार थोडं ऐकू येतं, आणि शेवटी तर समाजवादी वक्त्यांच्या भाषणांत तो हरवून जातो. त्याच्या घरात वाचकाला बसायला जागाच नाही. वाचकाला जागा सापडली ती स्वतःच्या जेवणाच्या टेबलाशी, पुढ्यात डब्यातलं मांस घेऊन. साहजिकच तो ग्राहक म्हणून खवळला.

कादंबरी माणुसकीच वाढवते असंही समजू नका. झाँ रास्पाय यांची १९७३ची ‘ल काँ दे सँ’ ही फ्रेंच कादंबरी गंगेच्या काठावरून निघालेल्या लाखो गरिबांच्या जहाजांविषयी आहे. आपल्याविषयी आहे, म्हणून आपण ती माहीत करून घ्यायला हवी. ताफा फ्रान्सच्या किनाऱ्याला लागतो आणि पाश्चात्त्य जग कोसळतं, असं कथानक. जहाजांवरच्या लोकांना जवळजवळ नावं नाहीत, आठवणी नाहीत, आपापसातलं बोलणं नाही. दुर्गंधी आहे, संख्या आहे. वाचक किनाऱ्यावर उभा केलेला आहे आणि सगळं त्याला दुर्बिणीतून दिसतं. युरोप-अमेरिकेतल्या स्थलांतरविरोधी राजकारणात या पुस्तकाचा दाखला अजून दिला जातो. पुढे डोनाल्ड ट्रम्प यांचे सल्लागार झालेले स्टीफन मिलर यांनी २०१५ मध्ये एका वृत्तसंकेतस्थळाला पाठवलेल्या ई-मेलांमध्ये या कादंबरीकडे लक्ष वेधलं होतं. ते ई-मेल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कादंबरीच्या ताकदीवर विश्वास ठेवायचा तर हाही पुरावा मानावा लागतो. स्थलांतरितांना ‘लाट’, ‘लोंढा’ म्हणणारी भाषा आणि हे किनाऱ्यावरचं कथन यांची जातकुळी एकच. मराठी वर्तमानपत्रांत ‘लोंढे’ हा शब्द किती सहज येतो, तेही या निमित्ताने पाहा.

एका कादंबरीचा मात्र काळ वेगळा चालला. जॉन ओकाडा यांची ‘नो-नो बॉय’, १९५७. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. त्यातले सुमारे दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. १९४३ मध्ये छावणीतच त्यांना प्रश्नावली दिली गेली: सैन्यात लढाल का, अमेरिकेशी निःशंक निष्ठा बाळगाल का? दोन्हींना ‘नो’ म्हणणारे ते ‘नो-नो बॉय’. ज्यांना नागरिक असूनही कुंपणामागे टाकलं, त्यांच्याकडेच निष्ठेचा दाखला मागितला. ओकाडांचा इचिरो सैन्यात जायला नकार देतो, दोन वर्षं छावणीत आणि दोन वर्षं तुरुंगात काढतो आणि सिॲटलला परततो. त्याच्यावर थुंकणारा पहिला माणूस जपानी वंशाचाच माजी सैनिक असतो. कादंबरीची पहिली आवृत्ती १,५०० प्रतींची होती आणि १९७१ मध्ये लेखक वारला तेव्हाही ती संपलेली नव्हती. त्याच्या समाजालाही तेव्हा ती नको होती; जखम ओली होती, सगळ्यांना निष्ठावान दिसायचं होतं. १९७६ मध्ये तरुण आशियाई-अमेरिकन लेखकांनी ती पुन्हा छापली. १९८८ मध्ये अमेरिकेने कायद्याने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर भरपाई दिली. कादंबरीमुळे माफी मिळाली असं मी म्हणणार नाही, ती चळवळीने मिळवली. पण नकार देणाऱ्यांनाही या देशाचे नागरिक म्हणून उभं राहता येतं, ही गोष्ट भरपाईच्या कलमांत लिहिलेली नाही. ती इचिरोमुळे समजते.

मराठीत याला समांतर शोधायचं तर मी परदेशी गेलेल्यांच्या गोष्टींकडे आधी जाणार नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) काढेन. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, पण कथनाची जागा पालाच्या आत आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने असंख्य जमातींवर जन्मतःच शिक्का मारला; तो कायदा १९५२ मध्ये गेला. त्यानंतरही गाव नाही, कायमचा पत्ता नाही, म्हणून दाखला नाही, ही अडचण भटक्या-विमुक्तांची सुटली नाही. देशाची सीमा न ओलांडताही माणूस परका कसा ठरतो, हे गावाच्या वेशीबाहेर बसून ऐकायला मिळालं, तेव्हा मराठी वाचकाला हादरा बसला.

तुम्हाला निबंध लिहायचा असेल तर एक सुचवतो. १९६२चा कायदा ज्या विधेयकातून झाला त्यावरची ब्रिटिश संसदेतली चर्चा छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ती आणि ‘द लोन्ली लंडनर्स’ एकत्र वाचा. चर्चेत स्थलांतरितांचा उल्लेख कुठे कुठे आकड्यांत होतो आणि कुठे नावाने, याची नोंद करा. मग तीच नोंद कादंबरीतल्या रोजगार कार्यालयाच्या प्रसंगाशी ताडून पाहा. शक्य झालं तर कमला मार्कंडेय यांची ‘द नोव्हेअर मॅन’ (१९७२) ही जोडीला घ्या. लंडनमध्ये म्हातारा झालेला श्रीनिवास हा भारतीय गृहस्थ, ज्याला अचानक ‘परत जा’ म्हटलं जातं, त्याची ती गोष्ट आहे. ती फार काळ दुर्लक्षित राहिली, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तर ती अजून हाती घ्यायचीच आहे.